इंजिन ऑइलच्या तपासणीतून मोटारीच्या इंजिनाची झीज कशी ओळखावी

इंजिनाची आतली झीज पाहायची म्हणजे इंजिन उघडायचे, असा समज अजूनही बराच रूढ आहे. प्रत्यक्षात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासतात, क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो, कॅमशाफ्ट टॅपेटवर दाब देतो आणि या प्रत्येक ठिकाणी सुटणारे धातूचे सूक्ष्म कण अखेर ऑइलमध्येच उतरतात. त्यामुळे ऑइल बदलताना जे काळे ऑइल आपण काढून टाकतो, त्यात मागच्या काही हजार किलोमीटरांत इंजिनाचे काय झाले याचा हिशेब असतो. तो वाचण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील रेल्वेने १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या ऑइलमधील धातू मोजून बिघाडाची पूर्वसूचना मिळवण्यास सुरुवात केली, नंतर विमानांच्या इंजिनांसाठी लष्करानेही ती स्वीकारली, आणि आता खासगी मोटारीचा मालकही बाटलीभर ऑइल प्रयोगशाळेत पाठवून तीच तपासणी करून घेऊ शकतो.

या तपासणीकडून काय अपेक्षा ठेवायची हे मात्र आधीच स्पष्ट असावे. एका अहवालावरून इंजिन चांगले की वाईट असा निकाल लावता येत नाही. एकाच इंजिनाचे, एकाच पद्धतीने घेतलेल्या नमुन्यांचे तीन-चार अहवाल शेजारी ठेवले की मगच आकडे बोलू लागतात, आणि तेव्हाही प्रत्येक आकडा सुटा न वाचता इतर आकड्यांच्या सोबतीने वाचावा लागतो. ऑइलच्या रंगावरून तर काहीच ठरवू नये. डिझेल इंजिनातील ऑइल काजळीमुळे बदलल्यानंतर थोड्याच अंतरात काळेभोर होते आणि तरीही ते उत्तम काम करत असते. उलट सोनेरी दिसणाऱ्या ऑइलमध्येही पेट्रोल मिसळून ते पातळ झालेले असू शकते.

प्रयोगशाळा नेमके काय मोजते

ऑइलचा थोडासा अंश कित्येक हजार अंश तापमानाच्या प्लाझ्मात किंवा विद्युत ठिणगीत नेला जातो. त्या उष्णतेत प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडते आणि त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून त्याचे प्रमाण काढले जाते. हे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दर दहा लाख भागांमागे किती भाग, असे दिले जाते. आकडा किती सूक्ष्म आहे याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब पाहावा: चार लिटर ऑइलचे वजन साधारण साडेतीन किलो भरते, आणि त्यात २० पीपीएम लोखंड असेल तर संपूर्ण ऑइलमध्ये मिळून सुमारे ७० मिलिग्रॅम लोखंड विखुरलेले असते. इतकी झीज निरोगी इंजिनातही होते, आणि ती शून्य असावी अशी अपेक्षा कोणी करत नाही.

या पद्धतीची एक मोठी मर्यादा आहे आणि ती बहुतेक अहवालांत ठळकपणे लिहिलेली नसते. सुमारे ५ ते १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण प्लाझ्मात किंवा ठिणगीत पूर्णपणे जळत नाहीत, म्हणून ते मोजणीत जवळजवळ येतच नाहीत. सावकाश होणारी बारीक झीज अहवालात उत्तम दिसते. परंतु बेअरिंगचा पापुद्रा सुटला, चक्राच्या दाताचा तुकडा उडाला किंवा थकव्याने धातूचे पातळ पापुद्रे निघाले, तर पीपीएमचा आकडा नेहमीसारखाच राहू शकतो. मोठ्या लोहकणांसाठी पीक्यू निर्देशांक नावाची वेगळी चुंबकीय चाचणी असते. ती उपलब्ध असल्यास सांगून करून घ्यावी. ती नसेल तर ऑइल फिल्टर कापून पाहणे हा हक्काचा उपाय आहे, त्याची रीत पुढे दिली आहे.

नमुना घेताना

या संपूर्ण कामात माणसाच्या हातून सर्वाधिक बिघाड येथेच होतो, कारण बाटलीत धुळीचा एक कणही गेला तर सिलिकॉनचा आकडा चढतो आणि पुढचे सारे तर्क चुकीच्या दिशेने जातात. शक्यतो प्रयोगशाळेने दिलेलीच बाटली वापरावी. घरातील धुतलेली बाटली दिसायला कितीही स्वच्छ असली तरी तिच्यात पाण्याचा, साबणाचा किंवा जुन्या पदार्थाचा अंश राहतो, आणि साबणातले सोडियम अहवालात कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, गळतीसारखे दिसते. बाटलीचे झाकण नमुना घेण्याच्या क्षणापर्यंत उघडू नये.

गाडी निदान वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालवून इंजिन पूर्ण तापवावे. केवळ उभ्या जागी इंजिन चालू ठेवून हे साधत नाही, कारण त्याने ऑइल पुरेसे तापत नाही आणि तळाशी बसलेले कण, पाण्याचा अंश व इंधन नीट मिसळत नाहीत. इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांतच नमुना घ्यावा. त्या वेळी ऑइल भाजण्याइतके गरम असते, म्हणून जाड हातमोजे आणि लांब बाह्या अत्यावश्यक आहेत. वापरलेले ऑइल कातडीला वारंवार लागणे तसेही आरोग्याला घातक असते. गाडी जॅकवर नव्हे, तर भक्कम स्टँडवर किंवा रॅम्पवर उभी असावी.

ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल काढण्याचे तळाचे बूच, सोडण्याआधी त्याच्या भोवतीचा भाग कापडाने स्वच्छ पुसून घ्यावा. प्लग निघाल्यावर पहिली धार तशीच खाली जाऊ द्यावी, कारण प्लगच्या आट्यांतील माती आणि संपच्या, म्हणजे इंजिनाखालील ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी साचलेला गाळ तिच्यासोबत येतो. साधारण एक लिटर ऑइल गेले, धार काठाला न चिकटता सरळ आणि एकसंध पडू लागली, की बाटली धारेखाली धरून तीन-चतुर्थांश भरावी आणि लगेच झाकण लावावे. बाटली काठोकाठ भरू नये, कारण प्रयोगशाळेला ती हलवून ऑइल एकजीव करावे लागते. शेवटचे थेंब घेऊ नयेत. ऑइल गोळा झालेल्या भांड्यातून नमुना उचलणे तर पूर्णपणे टाळावे, कारण त्या भांड्यात आधीच्या गाडीचे काय काय उरले असेल हे सांगता येत नाही.

ऑइल बदलायचे नसेल तर डिपस्टिकच्या नळीतून नवी, स्वच्छ प्लास्टिक नळी घालून हातपंपाने नमुना ओढता येतो. नळीचे टोक ऑइलच्या मधोमध राहील, तळाला टेकणार नाही, अशी लांबी डिपस्टिकशी ताडून आधीच खूण करून ठेवावी. दोन्ही रीती योग्य आहेत. महत्त्वाचे एवढेच की पहिला नमुना ज्या रीतीने घेतला, त्याच रीतीने पुढचेही घ्यावेत.

बाटलीसोबतचा अर्ज हा नमुन्याइतकाच मोलाचा असतो. इंजिन एकूण किती चालले, हे ऑइल किती किलोमीटर चालले, त्याचे नाव व ग्रेड काय, मधल्या काळात वरून किती ऑइल घातले, इंजिन पेट्रोलचे की डिझेलचे, अलीकडे कोणते काम झाले, हे सर्व प्रामाणिकपणे लिहावे. वरून घातलेल्या ऑइलची नोंद बहुतेकांकडून राहून जाते, आणि नेमकी तीच अहवाल फिरवते: चार लिटरच्या संपमध्ये वेळोवेळी मिळून एक लिटर ताजे ऑइल गेले असेल, तर सर्व धातूंचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते आणि ऑइल खाणारे इंजिन कागदावर निरोगी ठरते.

पहिल्याच वेळी, त्याच ग्रेडच्या न वापरलेल्या ऑइलचाही एक नमुना पाठवावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बोरॉन, मॉलिब्डेनम, सोडियम आणि फेस रोखणारे सिलिकॉन हे कित्येक ऑइलमध्ये मुळातच मिसळलेले असतात. कोरा आकडा हाताशी नसेल तर कंपनीने घातलेल्या रसायनालाच आपण बिघाड समजून बसतो.

अहवाल कोणत्या क्रमाने वाचावा

बहुतेक जण अहवाल हातात पडताच लोखंडाचा आकडा शोधतात. तो मोह आवरावा. सर्वप्रथम कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त आणि फॉस्फरस पाहावेत. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ऑइलमधील मळ धुणाऱ्या (डिटर्जंट) रसायनांतून येतात, तर जस्त आणि फॉस्फरस झीजरोधक रसायनातून. हे आकडे कोऱ्या नमुन्याशी साधारण जुळले तर आपण म्हणतो तेच ऑइल बाटलीत आहे याची खात्री पटते. ते जुळत नसतील, तर वेगळे ऑइल भरले गेले आहे किंवा नमुन्यांची अदलाबदल झाली आहे, आणि पुढे वाचण्यात अर्थ नाही.

त्यानंतर व्हिस्कॉसिटी, म्हणजे ऑइलचा दाटपणा, पाहावी. ती १०० अंश सेल्सिअसला सेंटिस्टोक या एककात दिलेली असते. ५डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडमधील ३० या आकड्यासाठी ठरलेली मर्यादा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान आहे, तर ४० साठी ती १२.५ ते १६.३ आहे. वापरात थोडे पातळ होणे स्वाभाविक आहे, कारण ऑइलमधील पॉलिमर कातरले जातात. परंतु ३० चे ऑइल ९ च्याही खाली घसरले असेल, तर इंधन मिसळल्याचा संशय घ्यावा. उलट ते नव्यापेक्षा दाट झाले असेल तर ऑक्सिडीकरण किंवा काजळी वाढलेली असते, म्हणजे ऑइल गरजेपेक्षा जास्त चालवले गेले आहे.

मग बाहेरून आत शिरलेल्या गोष्टींकडे वळावे: धूळ, इंधन, पाणी आणि कूलंट. धातूंच्या आधी या पाहायच्या, कारण धातूंची वाढ बहुतेक वेळा परिणाम असते आणि कारण या चौघांतच लपलेले असते.

सिलिकॉन हे धुळीचे पहिले लक्षण आहे. मातीत सिलिकासोबत ॲल्युमिनाही असतो, म्हणून खरीच धूळ शिरत असेल तर सिलिकॉन आणि त्याहून कमी प्रमाणात ॲल्युमिनियम एकत्र चढतात, आणि मागोमाग लोखंड व क्रोमियमही वर जातात, कारण धूळ रिंगा आणि सिलिंडर पॉलिश पेपरसारखी घासते. अशा वेळी एअर फिल्टर नीट बसला आहे का, त्याच्या पेटीची क्लिप तुटली आहे का, हवेच्या नळीला चीर आहे का, हे त्याच दिवशी तपासावे. फिल्टरनंतरच्या नळीच्या आतून स्वच्छ बोट फिरवून पाहावे. बोटाला बारीक करडी भुकटी लागली तर निदान झालेच समजावे. मात्र एकटेच सिलिकॉन वाढले आणि झिजेचे धातू जागच्या जागी राहिले, तर ते बहुधा नव्याने लावलेल्या सिलिकॉन गॅस्केटमधून किंवा सीलंटमधून आलेले असते. नव्या इंजिनात आणि ऑइल संप काढून बसवल्यानंतर असे हमखास दिसते.

सोडियम आणि पोटॅशियम यांवर करडी नजर ठेवावी. कूलंटमधील गंजरोधक क्षार यांतील एकाचे किंवा दोन्हींचे असतात. कूलंट थोडेथोडे झिरपत असेल तर त्यातले पाणी गरम इंजिनात उडून जाते आणि पाण्याची चाचणी कोरी येते. क्षार मात्र ऑइलमध्येच उरतात. म्हणून पाणी शून्य आहे एवढ्यावर हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल वेगळे ठेवणारे इंजिनाचे सील) ठीक आहे असे म्हणता येत नाही. सोडियम किंवा पोटॅशियम प्रत्येक अहवालात वाढत असेल आणि सोबत तांबे किंवा शिसे चढत असेल, तर कूलंटमधील ग्लायकॉलने बेअरिंग खाण्यास सुरुवात केली आहे असे धरावे. याला एक अपवाद आहे: टर्बो असलेल्या काही नव्या इंजिनांत इंटरकूलरच्या (इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या भागाच्या) जोडकामात वापरलेल्या फ्लक्स या रसायनातून पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम सुरुवातीच्या काळात येत राहतात व पुढे प्रत्येक बदलाला उतरत जातात.

इंधनाचे प्रमाण २ टक्क्यांच्या वर गेले तर कारण शोधावे आणि ५ टक्क्यांच्या आसपास असेल तर ऑइल लगेच बदलावे. त्याआधी गाडी कशी चालवली गेली हे आठवावे. थंड इंजिनावर रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या होत असतील तर पेट्रोल आणि पाणी दोन्ही ऑइलमध्ये साचतात, आणि एका लांब प्रवासानंतर त्यांतील बराचसा भाग उडून जातो. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांत हे अधिक दिसते. डिझेल गाडीत धुरातील काजळी अडवणारा कणफिल्टर स्वच्छ करण्याची क्रिया वारंवार अर्धवट तुटली तर जादा डिझेल खाली ऑइलमध्ये उतरते, आणि ते पेट्रोलसारखे सहजी उडूनही जात नाही.

धातू कोणत्या भागाकडे बोट दाखवतात

लोखंड सर्वांत सामान्य आणि म्हणूनच सर्वांत कमी नेमके: सिलिंडर, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन, ऑइल पंप, गाडी बराच काळ उभी राहिल्याने आलेला गंज, असे सारेच त्यात येते. ॲल्युमिनियम प्रामुख्याने पिस्टनचे, क्रोमियम बहुतेक वेळा रिंगांच्या लेपाचे. लोखंड, ॲल्युमिनियम आणि क्रोमियम एकत्र वाढले तर सिलिंडरच्या आत पाहावे. शिसे, कथील आणि तांबे एकत्र वाढले तर बेअरिंगकडे वळावे. अनेक नव्या इंजिनांचे बेअरिंग शिसेविरहित, ॲल्युमिनियम आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असते, त्यामुळे शिसे शून्य आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. एकटेच तांबे जास्त दिसणे पुष्कळदा निरुपद्रवी असते, कारण ऑइल कूलरच्या नळ्यांतून ते रासायनिक क्रियेने विरघळून येते. निकेल आणि कथील यांचे एक-दोन पीपीएम इकडेतिकडे झाले तर त्यावर वेळ घालवू नये.

आकड्यांची तुलना करताना प्रत्येक धातूला दर हजार किलोमीटरांच्या हिशेबात आणावे. समजा, पहिल्या अहवालात ८,००० किलोमीटर चाललेल्या ऑइलमध्ये १६ पीपीएम लोखंड आहे आणि दुसऱ्यात १२,००० किलोमीटरला २४. वरवर पाहता वाढ दीडपट आहे, पण दर दोन्हीकडे हजारामागे २ पीपीएम इतकाच आहे, म्हणजे इंजिनात काहीही बदललेले नाही. तिसऱ्या वेळी ८,००० किलोमीटरला ३२ आले, तर दर दुप्पट झाला. आणि त्याच अहवालात सिलिकॉन ८ वरून २२ वर गेले असेल तर एअर फिल्टर गाठावा, सिलिकॉन जागेवर असून व्हिस्कॉसिटी घसरली असेल तर इंधन, आणि दोन्ही जागेवर असून केवळ लोखंड चढले असेल तर कॅमशाफ्ट, चेन किंवा उभ्या गाडीतला गंज.

हा दर थोड्या अंतरासाठी फसवा ठरतो. ऑइल कितीही निथळले तरी जुन्याचा काही भाग इंजिनातच राहतो आणि आपले धातू नव्यात घेऊन येतो, म्हणून १,५०० किलोमीटरवर घेतलेल्या नमुन्याचा दर उगाचच फुगलेला दिसतो. नव्या इंजिनाचे पहिले दोन-तीन अहवालही तुलनेचा पाया म्हणून घेऊ नयेत. भाग एकमेकांत बसत असताना लोखंड, तांबे आणि सिलिकॉन जास्त येणे ठरलेलेच असते. प्रयोगशाळा छापते ती त्याच प्रकारच्या इंजिनांची सरासरी उपयोगी आहे, परंतु आपल्या इंजिनाची स्वतःची चाल तिच्यापेक्षा अधिक विश्वासार्ह मानावी.

फिल्टर कापून पाहणे

डब्यासारखा फिरकीचा फिल्टर करवतीने कापू नये, कारण करवतीचाच कीस आत पडतो आणि तोच झिजेचा पुरावा वाटू लागतो. फिल्टर कापण्याचे चाक असलेले हत्यार मिळते; त्याने वरचा काठ गोल फिरवून सुटा करावा. आतली घड्यांची कागदी पट्टी सुरीने दोन्ही कडांना मोकळी करून, निथळू देऊन, पांढऱ्या कापडावर लांब पसरावी आणि उन्हात किंवा तेज दिव्याखाली हळूहळू तिरपी करत पाहावी. काळा, मऊ, बोटाने चिरडणारा कण म्हणजे कार्बन. चमचमणारा कण दिसला तर पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले चुंबक वरून फिरवावे: चिकटला तर पोलाद, न चिकटता चंदेरी असला तर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा वरचा थर, तांबूस-सोनेरी असला तर बेअरिंगचा आतला थर किंवा बुश. चार-दोन ठिपके प्रत्येक फिल्टरमध्ये असतात. नखाने उचलता येतील असे चपटे पापुद्रे दिसले तर अहवालाची वाट न पाहता गाडी बंद ठेवावी.

निष्कर्षानंतर काय करावे

एका चढलेल्या आकड्यावरून इंजिन उघडण्याचा निर्णय कधीही घेऊ नये. नेहमीच्या निम्म्या अंतरावर दुसरा नमुना घ्यावा आणि दरम्यान संशयाला दुसऱ्या मार्गाने पडताळावे: रिंगांचा संशय असेल तर कॉम्प्रेशन आणि लीकडाउन चाचणी (सिलिंडर दाब नीट धरतो का हे पाहणाऱ्या), बेअरिंगचा असेल तर बाहेरून गेज लावून गरम इंजिनावरील ऑइल प्रेशर, कूलंटचा असेल तर कूलिंग यंत्रणेची दाबचाचणी. ऑइल प्रेशरचा दिवा लागणे, खालून ठोके ऐकू येणे, किंवा कूलंटच्या क्षारांसोबत बेअरिंगचे धातू वाढणे, या तीन परिस्थितींत मात्र दुसऱ्या नमुन्यासाठी थांबू नये.

ऑइल बदलण्याचे अंतर वाढवण्यासाठी तपासणी करायची असेल तर केवळ धातू पुरेसे नाहीत. टीबीएन, म्हणजे आम्लाला निष्प्रभ करण्याची उरलेली क्षमता, मुद्दाम मागून घ्यावी. ती नव्याच्या निम्म्यावर आली की अंतर आणखी ताणू नये. गाडीची हमी चालू असेल तर उत्पादकाने सांगितलेले अंतर पाळावे, अहवाल काहीही म्हणो.

वापरलेली गाडी विकत घेताना ऑइल तपासून घ्यावे असा सल्ला दिला जातो. त्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण विकणाऱ्याने आठवड्यापूर्वी ऑइल बदलले असेल तर झिजेचे धातू दिसणारच नाहीत. कूलंट आणि इंधन तेवढे कळू शकते.

पहिली तीन वर्षे प्रत्येक बदलाला नमुना पाठवला की आपल्या इंजिनाची चाल कळते आणि पुढे वर्षाआड एक पुरतो. प्रयोगशाळा शक्यतो बदलू नये, कारण यंत्रे आणि पद्धती वेगळ्या असल्या की आकड्यांत थोडा फरक पडतोच. बदलावीच लागली तर एकाच वेळी घेतलेले ऑइल दोन बाटल्यांत भरून एक जुन्या प्रयोगशाळेला आणि एक नव्या प्रयोगशाळेला पाठवावे, आणि दोन्हींतील फरक पुढच्या नोंदींच्या सुरुवातीलाच लिहून ठेवावा.